मावशीची तोफ

माझ्या लेन्सला जाणकार लोक 'वेगवान' म्हणतात हे मी घरी सांगितलं, ही पहिली चूक. मुंबईहून बोटीने बाणकोट, बाणकोटहून शिडाच्या मचव्याने दासगाव आणि तिथून बैलगाडीने महाड असा प्रवास करून ती पेटी दारात आली, तेव्हा ती उतरवायला मी, गाडीवान आणि शेजारचा दुकानदार असे तिघे लागलो. वडील ओटीवर उभे राहून बघत होते. "वेगवान म्हणालास ना?" ते म्हणाले. "मग तिला म्हणावं, आपली आपण चालत ये."

मी त्यांना समजावून सांगितलं की लेन्स धावत नाही. तिचं भिंग मोठं असतं, त्यातून उजेड भरपूर आत येतो, म्हणून डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो उतरतो. शिवाय ती लांबचं जवळ आणते. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण लांबच्याशी तुझं काम काय?"

मी तेव्हा महाडात एका वकिलांकडे कारकुनी करत होतो. फोटोचा नाद शाळेपासूनचा, आणि त्यातही पाखरांचा. साध्या कॅमेऱ्यात बगळा म्हणजे मिठाचा खडा दिसायचा. मुंबईच्या जुन्या बाजारात ही लेन्स दिसली आणि माझा पाय तिथून हलेना. काळा रंग दिलेली पितळेची लांबलचक नळी, तोंडाशी ताटलीएवढं भिंग. मोठ्या लढाईत विमानातून शत्रूच्या खंदकांचे फोटो काढायला ही वापरत असत, असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं. आपण ती नुकसान सोसून विकतोय हेही त्याने शपथेवरच सांगितलं होतं, त्यामुळे विमानाबद्दल मी छातीठोकपणे बोलणार नाही. पण सबंध कुलाबा जिल्ह्यात तशी दुसरी लेन्स नव्हती, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. तशी हौस असलेला दुसरा माणूसही नव्हता.

या नळीमागे बसेल असा कॅमेरा बाजारात मिळणं शक्यच नव्हतं. तो मी आमच्या सुताराकडून करून घेतला. त्याने जन्मभर नांगर, पाळणे आणि देव्हारे केले होते. माझ्या कॅमेऱ्याला त्याने देव्हाऱ्यासारखी कंगोरे असलेली चौकट केली, वर छोटा कळस बसवला आणि पेटी माझ्या हवाली करताना तिला हळदकुंकू लावलं. कळस मी काढून टाकला, तेव्हा तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

आता पाखरांचं सांगतो. सगळं सामान मी कावडीत घालून न्यायचो. एका बाजूला लेन्स, दुसऱ्या बाजूला काचेच्या प्लेटा आणि तिवई. खांदा सोलवटून निघायचा. नदीकाठी एखादा खंड्या हेरायचा, तिवई उभी करायची, नळी चढवायची, तिचं तोंड खंड्याकडे वळवायचं, की खंड्या भुर्र. आमच्याकडच्या पाखरांनी शिकारी आणि त्यांच्या बंदुका पाहिलेल्या होत्या. एवढ्या जाड नळीची बंदूक घेऊन आलेला माणूस काय करील, याचा त्यांनी आपापल्या परीने विचार केला असणार. मी न्हाणीघरात लाल कंदिलाखाली बसून प्लेटा धुवायचो आणि त्यातून एकेक रिकामी फांदी वर यायची. अतिशय रेखीव यायची. पानांच्या शिरासुद्धा मोजून घ्याव्यात. आई बिचारी म्हणायची, "आंब्याचा फोटो छान आलाय हो."

रायगडाच्या कड्यावरची गिधाडं टिपायची म्हणून एकदा मी पाचाडला जाऊन राहिलो. भाताच्या खाचरात तिवई रोवली. एक म्हातारा गुरं सोडून जवळ आला, नळीच्या तोंडात वाकून बघून म्हणाला, "गडावर तोफा कमी हायत व्हय रे, ही आनिक कशाला आनलीस?" मी त्याला विमानाची हकिकत सांगेपर्यंत गिधाडं कड्यावरून उठून गेली होती. तेव्हापासून आमच्या भागात लेन्स हा शब्दच राहिला नाही. मी कुठंही गेलो की लोक म्हणायचे, तोफवाला आला.

या तोफेला जगात एकाच माणसाने मान दिला, ती माझी मावशी.

मावशी पोलादपूरला मामांच्या घरी राहायची. तिचं लग्न झालं तेव्हा ती परकर नेसायची, आणि विधवा होऊन परत आली तेव्हाही परकरच नेसत होती. तेव्हापासून ती त्या घरात. पुढे मामी मुलाला मागे ठेवून गेली, तेव्हा त्या मुलाला मावशीनेच वाढवलं. मी तिला मावशी म्हणायचो, माझा तो मामेभाऊ आत्या म्हणायचा. घर, मागचा फणस, नदीकडची खाचरं हे सगळं कागदोपत्री मामांचं होतं. पण कुठल्या मडक्यात काय आहे, कुठलं कौल गळतं आणि फणसाच्या कुठल्या फांदीला आधी फळ लागतं, हे विचारायला मामासुद्धा तिच्याकडेच यायचे. ती आवाज चढवून कधी बोलली नाही. चढवायची गरज पडत नसे.

एका चैत्रात मी तोफेसकट तिच्याकडे गेलो होतो. अंगणात पापड, कुरडया, सांडगे पसरले होते आणि मावशी काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. कावळ्यांनी तिला जेरीस आणलं होतं. एकाला हाकलावं तर दुसरा मागून कुरडई उचलायचा. मी अंगणाच्या कडेला तिवई मांडली, लेन्स चढवली आणि भिंग पुसत बसलो. भिंग पुसणं हे अगदी नाजूक काम, त्यामुळे मान वर करायला मला फुरसत नव्हती. माझं पुसून झालं तेव्हा मावशी काठी खाली टाकून माझ्याकडे टक लावून बघत होती.

"एक कावळा उतरला नाय रे दुपारपासून," ती म्हणाली.

फणसावर कावळ्यांची रांग बसली होती. सगळ्यांची मान वाकडी, सगळ्यांचे डोळे नळीवर.

"ही तोफ आठ दिवस ठेवून जा," मावशी म्हणाली.

मी रागावलो. ही लेन्स विमानातून उडालेली आहे, जर्मन मुलुखावर नजर रोखून आलेली आहे, आणि तू तिला कुरडया राखायला बसवतेस? मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि फणसाच्या गऱ्यांची ताटली माझ्यापुढे सरकवली. तोफ राहिली. शेजारणींना हे कळलं, तेव्हा त्यांनी मावशीकडे आपापले नंबर लावले. त्या वर्षी तिच्या आळीत कावळ्यांनी एक सांडगा नेला नाही म्हणतात. पुरुषांना मात्र याचा पत्ता नव्हता. ते शेतावर नाहीतर मुंबईला. वाळवण हा त्यांच्या कानावर पडणारा विषयच नव्हे. पापड भाजून ताटात आला की त्यांचं काम झालं.

त्यानंतर मार्गशीर्षात मामा गेले.

मामेभाऊ मुंबईहून आला. तिथं तो एका पेढीत कामाला होता, बिऱ्हाड चाळीत. तो वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. आत्यावर त्याचा जीव होता, म्हणूनच त्याने सगळं परस्पर ठरवून टाकलं होतं. "इथं एकटी बसून काय करणार आत्या? मुंबईला चल. नळाचं पाणी, विजेचा दिवा, एकदम फस्क्लास. घराला कुलूप घालू, गिऱ्हाईक आलं की विकून टाकू. मामला फिनिश."

मावशी उठून मागे गेली आणि बराच वेळ फणसाखाली उभी राहिली. माझी आई तिला म्हणाली, मुंबई नको तर महाडला माझ्याकडे चल. त्यावर मावशी म्हणाली, "येईन की, पण पावनी म्हणून. पावनीला कधीतरी परत जायला घर लागतं ना गो?"

आई घरी येऊन रडली. मावशीला त्या घरात राहायचं होतं आणि तिथंच डोळे मिटायचे होते. एवढीच तिची मागणी. पण तिने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं, आणि घरावर तिचा कागदाचा हक्क नव्हता. मला तिची फार कीव आली. ती कीव अनाठायी होती हे कळायला थोडा वेळ लागला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी तिचा निरोप आला. येताना तोफ आण. भावाच्या पिंडाला कावळा शिवतो त्याचा फोटो मला हवा आहे.

मला गहिवरून आलं. रिकाम्या फांद्यांच्या एवढ्या फोटोंनंतर कुणीतरी माझ्यावर विश्वास टाकला होता. सकाळच्या सर्व्हिस मोटारीत लेन्सला जागा मिळेना, म्हणून ती टपावर आणि तिला धरून मीही टपावर, असा मी पोलादपुरात दाखल झालो.

सावित्रीचं पाणी उतरलं होतं, वाळू उघडी पडली होती. बायका सहसा नदीवर येत नसत, पण मावशी आली आणि तिला नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मी पिंडापासून लांब, वाळूच्या उंचवट्यावर तिवई मांडली. भटजी म्हणाले, "शास्त्रात याला आधार नाही."

"नको म्हणून तरी लिवलंय काय?" मावशीने विचारलं.

भटजींनी उपरणं सारखं केलं आणि फोटोत आपण कुठं येऊ ते मला विचारलं.

पिंड ठेवला. सगळे मागे सरकले. काठावरच्या उंबरावर कावळे जमले होतेच. मी डोक्यावर काळं कापड घेऊन कॅमेऱ्यात शिरलो. मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं. पिंड वर चिकटलेला, आणि पलीकडे मामेभाऊ, भटजी, गावकरी असे सगळे वटवाघळांसारखे पाय वर करून लोंबकळत होते. मी खटक्यावर बोट ठेवून वाट बघू लागलो.

कावळा येईना.

सगळ्यांना ठाऊक असतं, कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय. मग घरच्या माणसाने एकेक वचन देत ते ओळखायचं. मामेभाऊ हात जोडून म्हणाला, "बाबा, रोज तिन्हीसांजेला तुमच्या तसबिरीपुढे दिवा लावीन." कावळे ढिम्म. "गाय विकणार नाही." ढिम्म. "बाबा, तुम्ही ओरडायचात ना, सिगारेट सोडली. बिलकूल सोडली!" एक कावळा उंबरावरून उठला, हवेत गिरकी घेतली आणि परत जाऊन बसला.

गावकऱ्यांनाही आता सुचायला लागलं. एकजण म्हणाला, "त्यांना शिवथरच्या घळीत जायाचं व्हतं, ऱ्हाऊन गेलं." मामेभावाने घळीतला अभिषेक कबूल केला. मग बांधाला बांध असलेला शेजारी खाकरून पुढे आला. मामांशी त्याचं जन्माचं भांडण. अगदी हळव्या आवाजात तो म्हणाला, "मला वाटतं, त्यांचा जीव त्या बांधात अडकला असंल."

"बांध सोडला!" मामेभाऊ ओरडला.

शेजाऱ्याने कावळ्याला हात जोडले. कावळ्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ऊन चढलं. भटजींना भूक लागली असावी. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या. तशी सोय आहे शास्त्रात."

"गवताचा कावळा? माझ्या भावाला?" मावशीचा आवाज मला कापडातही स्पष्ट ऐकू आला. "नाय. खरा कावळा येईल तवाच उठायचं."

तेवढ्यात एक धीट कावळा वाळूवर उतरला. टुणटुण उड्या मारत पिंडाच्या जवळ आला. कावळ्याने मान वाकडी केली, थेट माझ्या भिंगात बघितलं, आणि पिसं झडतील अशा घाईने उडाला. ती वाकडी मान मी आधी पाहिली होती. फणसावर. चैत्रात.

कावळे मामांसाठी खोळंबले नव्हते, माझ्या तोफेला भीत होते! मी कापडातून डोकं बाहेर काढलं आणि ओरडायला तोंड उघडलं.

सगळं गाव उंबराकडे बघत होतं. एकटी मावशी माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली. अगदी किंचित, भातात खडा आला तर जेवणाऱ्याला खुणेने सांगावं तेवढीच. नाय.

मी तोंड मिटलं आणि पुन्हा कापडात शिरलो. तिथंच बरं होतं. आत अंधारात मला हसू येत होतं, आणि डोळेही भरून येत होते. हिने निरोप पाठवला तेव्हापासून ठरवलं होतं. मी टपावर बसून आणली ती कला नव्हती, कुरडया राखणारी तोफ होती.

बाहेर आता कुणाला काही सुचत नव्हतं. मामेभाऊ वाळूत उकिडवा बसला होता. काचेवर तो उलटा दिसत होता तरी त्याचा चेहरा मला दिसला. बाप आपल्यावर रागावून गेला असं त्याला खरंच वाटत होतं, आणि तो रडायच्या बेताला आला होता. त्याने मान वर केली, आत्याकडे पाहिलं. मग पिंडाकडे वळून तो हळूच म्हणाला, "बाबा, आत्याला घरातून नेत नाही."

"मोठ्यानं बोल," मावशी म्हणाली. "त्याला शेवटी शेवटी ऐकायला कमी येत व्हतं."

"आत्याला घरातून नेणार नाही!" त्याचा आवाज नदीपलीकडे गेला. "घराला कुलूप घालणार नाही. विकणार नाही. ती आहे तोवर दार तिचं, चूल तिची. फणस तिचा. गावादेखत सांगतो, बाबा!"

गावाने माना डोलावल्या. मावशीने पदराने डोळे पुसले. दहा दिवसांत तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग ती माझ्याकडे वळली. "आता झाक रे ती तोफ. ऊन लागेल तिला."

मी काळं कापड नळीवर टाकलं, सगळा बोजा छातीशी धरला आणि उंचवट्याच्या मागे उतरलो. मी खाली पोहोचतोय तोवर काठावर एकच गलका झाला. कावळा शिवला होता. एक नव्हे, सगळा उंबर खाली उतरला होता. भटजी म्हणाले, असा प्रत्यय त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांचा फोटो निघाला नाही म्हणून मात्र ते पुढे कितीतरी दिवस माझ्यावर नाराज होते.

शेजाऱ्याने बांध त्याच दिवशी सरकवला. मामेभावाने सिगारेट खरोखर सोडली आणि मुंबईला गेल्यावर महिनाभर तो सगळ्यांवर खेकसत होता म्हणे. मावशी घरात राहिली. दर चैत्रात तिचा निरोप यायचा आणि मी निमूटपणे तोफ पोहोचवून यायचो. मोबदला म्हणून कुरडया मिळायच्या. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. मी एकदा विषय काढायला गेलो, तर तिने मला फणसाचे गरे दिले.

बऱ्याच वर्षांनी मावशी गेली. त्याच घरात, आपल्या चुलीशेजारच्या खोलीत. मामेभाऊ मुंबईहून धावत आला. एव्हाना त्याचे केस पिकले होते. मुलगा करील तसं सगळं त्याने केलं. दहाव्याला पुन्हा तीच वाळू, तोच उंबर. मी रिकाम्या हातांनी गेलो होतो. लेन्स महाडला पेटीत कुलूपबंद होती. मावशीच्या दहाव्याला ती न्यायची, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

भटजींनी पिंड ठेवला आणि ते मागे सरकताहेत तोच कावळा आला. अजून कुणी हातही जोडले नव्हते. आला, शिवला, गेला. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, काही मागे राहिलं नाही तिचं. मलाही बरं वाटलं. सगळे अंघोळीला पाण्याकडे निघाले.

मामेभाऊ तिथंच उभा होता. जोडायला उचललेले हात तसेच अर्धवट राहिले होते. मी जवळ गेलो, तेव्हा तो पिंडाकडे बघतच म्हणाला, "तोफ का नाही आणलीस?"

मी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आणायचीस रे," तो म्हणाला. "थोडा वेळ तरी थांबला असता. मला बोलायचं होतं तिच्याशी."